नकार बरोबर, कारण चुकीचं

बायपोलरच्या रुग्णाला उत्तेजक औषध म्हणजे विष, हे वाक्य मानसिक आजारांबद्दल जरा जाणतेपणानं बोलणाऱ्यांच्या तोंडी पक्कं बसलेलं आहे. डॉक्टर ते बोलतात, नातेवाईक एकमेकांना सांगतात, आणि बायपोलरसोबत एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकाराचंही निदान झालेला एखादा तरुण मिथिलफेनिडेट या उत्तेजक गोळीचं नाव काढतो तेव्हा त्याला याच वाक्यानं गप्प केलं जातं. माझा वाद या वाक्याशी आहे. त्यातल्या नकाराशी फारसा नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात आज बहुतेकांना 'नको' हेच उत्तर द्यावं लागेल, हे मी पुढे स्वतःच कबूल करणार आहे. पण 'नको, कारण गोळी विषारी आहे' आणि 'नको, कारण ती घेतल्यावर तुझ्याकडे बघायला इथे कोणी नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात दोष गोळीवर जातो आणि बाकी सगळे सुटतात. दुसऱ्यात दोष आपल्या दारात येऊन बसतो. पहिलं उत्तर इतकं लोकप्रिय का, हे वेगळं सांगायला नको.

भीती खोटी आहे असं मात्र कोणी समजू नये. बायपोलरमधला उन्माद म्हणजे नुसता उत्साह नव्हे. माणूस तीन-तीन रात्री झोपत नाही आणि तरी थकत नाही, बोलणं थांबत नाही, शेत विकायला काढतो, उधारीवर दोन मोटारसायकली आणतो, अडवणाऱ्या भावाच्या अंगावर जातो. गावाच्या भाषेत याला 'डोक्यात फरक पडला' म्हणतात, किंवा 'बाहेरचं आहे' म्हणतात, आणि मग गाडी सैलानीच्या दर्ग्याकडे वळते. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानीबाबांच्या यात्रेला दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसं आणली जातात, आणि त्यांतली काही बांधून आणलेली असतात, हे या भागात कुणालाही नवं नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ नं साखळदंडावर सरळ बंदी घातली. ज्या जिल्ह्यानं उन्मादाचा शेवट साखळीत होताना पाहिला आहे, तिथल्या माणसाला उन्माद आणू शकणाऱ्या गोळीची धास्ती वाटणारच. ही धास्ती अडाणीपणाची नाही. प्रश्न एवढाच, की ती योग्य जागी रोखलेली आहे का.

पुरावा काय सांगतो ते पाहू. या विषयावर सर्वांत जास्त वजन असलेला अभ्यास स्वीडनचा आहे, २०१७ साली अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीत आलेला. तिथल्या राष्ट्रीय नोंदींतून २००६ ते २०१४ या काळात मिथिलफेनिडेट सुरू केलेले बायपोलरचे २,३०७ रुग्ण निवडले गेले, आणि प्रत्येकाची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता त्याच्याशीच केली: गोळीविनाचा काळ आणि गोळीवरचा काळ. मन स्थिर ठेवणारं कोणतंही औषध चालू नसताना ज्यांनी मिथिलफेनिडेट घेतलं, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका ६.७ पट झाला. इथपर्यंत 'विष' म्हणणाऱ्यांची बाजू जिंकल्यासारखी दिसते. पण तोच तक्ता पुढे वाचला की दुसरा आकडा येतो. लिथियम, व्हॅल्प्रोएट यांसारखं मन स्थिर ठेवणारं मूळ औषध आधीपासून चालू असताना ज्यांनी तीच गोळी घेतली, त्यांच्यात धोका वाढला नाही, तो ०.६ पट, म्हणजे आधीपेक्षा कमी दिसला. गोळी तीच, आजार तोच, आणि निकाल उलटा. विषाची व्याख्या अशी नसते.

या अभ्यासावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्हींत दम आहे. पहिला असा की ६.७ हा आकडा थोड्या घटनांवर उभा आहे. त्याची विश्वासार्हतेची कक्षा २ पासून २२ पर्यंत पसरते. मान्य. पण कक्षेचं खालचं टोक धरलं तरी धोका दुप्पट होतो, त्यामुळे 'मूळ औषधाशिवाय नको' हा निष्कर्ष हलत नाही. दुसरा आक्षेप जास्त बारीक आहे. ज्यांना मूळ औषध चालू होतं ते मुळात चांगल्या देखरेखीखाली होते, वेळेवर डॉक्टरांकडे जाणारे होते, आणि उत्तेजक औषध त्यांना मन शांत असतानाच दिलं गेलं असणार, मग ०.६ चं श्रेय औषधाच्या जोडीला द्यायचं की देखरेखीला? माणसाची स्वतःशीच तुलना केल्यानं त्याची आनुवंशिकता, घर, स्वभाव हे सगळं वजा होतं, पण औषध सुरू करण्याची वेळ कोणी कशी निवडली हे वजा होत नाही. मी तर म्हणेन, हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. सुरक्षितता रसायनात कमी आणि बघणाऱ्या डोळ्यांत जास्त असेल, तर 'गोळी वाईट' हे वाक्य आणखीच पोकळ ठरतं.

या भीतीत आणखी एक घोटाळा मिसळलेला आहे, तो आयात केलेला. इंटरनेटवर बायपोलर आणि उत्तेजक औषधं यांबद्दल जे भयंकर वाचायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं अमेरिकेतलं आणि अँफेटामिनचं असतं. तिथे २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एडीएचडीच्या २ लाख २१ हजारांहून जास्त तरुणांची पाहणी आली. उत्तेजक औषध सुरू केल्यावर साधारण ६६० जणांत एकाला नव्यानं भ्रमाचा आजार दिसला, आणि अँफेटामिन घेणाऱ्यांत हे प्रमाण मिथिलफेनिडेटच्या जवळपास दुप्पट होतं. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात अँफेटामिनच्या मोठ्या मात्रेशी भ्रम किंवा उन्मादाचा धोका पाच पटींहून जास्त जोडलेला आढळला. मिथिलफेनिडेटशी तसा संबंध दिसला नाही. अमेरिकेत घरोघरी माहीत असलेलं ॲडरॉल आपल्या मेडिकलमध्ये मिळतच नाही. म्हणजे खामगावचा पालक ज्या औषधाच्या कथा वाचून घाबरतो ते औषध त्याच्या मुलाला कोणी देणारच नसतं, आणि जे दिलं जाऊ शकतं त्याचा हिशेब निराळा आहे. याउलट ॲटोमॉक्सेटिन 'उत्तेजक नाही' एवढ्याच नावावर निर्धोक मानलं जातं, पण त्यावरही उन्माद उसळल्याच्या नोंदी आहेत. नावाच्या पाटीवर विसंबलं की असं होतं.

धोका गोळीत असतो की व्यवस्थेत, हे पाहायचं असेल तर लिथियमकडे बघावं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. आजही बायपोलरमध्ये त्याच्या तोडीचं औषध विरळच. त्याला कोणी विष म्हणत नाही. पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांतली फट लिथियमइतकी अरुंद फार थोड्या औषधांत असते. त्यासाठी रक्त तपासावं लागतं, तेही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी खाऊन मग लॅबमध्ये गेलं तर आकडा फसवा येतो. आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. नांदुरा, मलकापूर, शेगावकडे पारा ४४ च्या पुढे जातो. घामानं अंगातलं पाणी आणि मीठ जातं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यातच कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं जातं. त्यानंही लिथियम रक्तात साचतं. मग जुलाब, उलट्या, हातांची जोराची थरथर, चालताना तोल जाणं. घरचे म्हणतात ऊन लागलं. खिशात कांदा ठेवला जातो, पन्हं पाजलं जातं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं जातं, आणि संध्याकाळी जेवणानंतर लिथियमची पुढची गोळी न चुकता दिली जाते. चहाचंही असंच आहे: दिवसाला सात-आठ कप पिणाऱ्यानं कुणाच्या सांगण्यावरून तो एकदम सोडला तर लिथियमची पातळी वर जाते, कारण कॅफीन लिथियम लघवीवाटे बाहेर काढत होतं. ज्या औषधाला आपण सुरक्षित म्हणतो त्याला इतकी राखण लागते. मग उत्तेजक औषधाला राखण लागते म्हणून ते विष, हा न्याय कुठला?

आणि ज्या दारावर पहारा बसवला त्याच्या शेजारची दारं सताड उघडी आहेत. मिथिलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एक्स-आरएक्स असतं. विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानात दोन वर्षं जपावी लागते. इतका सोपस्कार असल्यानं तालुक्याच्या गावी बहुतेक मेडिकलवाले या भानगडीत पडतच नाहीत. पण बायपोलरच्या माणसाला उन्मादाकडे ढकलणाऱ्या गोष्टी ज्या रोजच्या रोज घडतात, त्यांत ही गोळी शोधूनही सापडणार नाही. 'टेन्शन आहे, झोप नाही, मन लागत नाही' म्हणून गेलेल्या माणसाला पूर्वी कधी उन्माद झाला होता का, हे न विचारता नुसती नैराश्याची गोळी लिहून दिली जाते. पुढच्या वेळी रिकामं पाकीट दाखवलं की मेडिकलमधून तीच गोळी पुन्हा मिळते. बायपोलरच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की पूर्ण उन्माद होऊन गेलेल्या रुग्णाला नैराश्यविरोधी औषध एकटं देऊ नये. सांधे धरले, दमा उठला, अंगावर पुरळ आलं की स्टेरॉइड. १९७२ च्या बोस्टनच्या पाहणीत प्रेडनिसोनची रोजची मात्रा ८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर १८ टक्के रुग्णांत मानसिक विकार दिसले होते, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्याकडे किती सहज वाटल्या जातात हे सांगायला आकडे लागत नाहीत. अभ्यासिकेत रात्र काढण्यासाठी मोडाफिनिल आणि एनर्जी ड्रिंकचे डबे आहेतच.

सगळ्यांत जोरदार उत्तेजक तर मेडिकलमध्ये मिळतच नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि थ्री फेज विजेची लाइन रात्रीची असते. माणूस दहा वाजता बॅटरी घेऊन शेतात जातो, पहाटे परततो, आणि आठवड्याची पाळी संपेपर्यंत हेच चालतं. झोप कमी होणं हे उन्मादाचं केवळ लक्षण नाही, ते त्याचं कारणही असतं, किंबहुना बाकीची बरीच कारणं झोपेच्याच वाटेनं उन्मादापर्यंत पोचतात, अशी मांडणी थॉमस वेअर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये केली आणि ती टिकून आहे. बायपोलरच्या शेतकऱ्याला रात्रीची लाइन देणारी यंत्रणा आणि त्याला मिथिलफेनिडेट 'विष' म्हणून नाकारणारं शहाणपण एकाच वेळी सुखानं नांदतात. यातली विसंगती कोणाला खटकत नाही.

आता खरी गरज किती जणांना आहे? इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना थांबवायचं आहे, कारण उत्साहाच्या भरात तेही घसरतात. लक्ष लागत नाही म्हणजे एडीएचडी, असं समीकरण मोबाइलवर अर्ध्या मिनिटात पटवून दिलं जातं. बायपोलरच्या माणसाचं लक्ष न लागण्याला डझनभर साधी कारणं असतात: पूर्ण न गेलेलं नैराश्य, अपुरी झोप, व्हॅल्प्रोएटची सुस्ती, रात्रीच्या औषधाची सकाळी उरलेली गुंगी, लिथियममुळे मंदावलेली थायरॉइड ग्रंथी. एडीएचडीची खूण बारा वर्षांच्या आधी, शाळेच्या वयात दिसायला हवी आणि मन शांत असलेल्या काळातही टिकायला हवी. हे सगळं गाळून झाल्यावरही काही माणसं उरतात. २०२१ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार बायपोलरच्या प्रौढांत साधारण सहांत एकाला एडीएचडीही असतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांत बायपोलरचं चालू प्रमाण ०.३ टक्के निघालं होतं. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. ढोबळ गुणाकार केला तर बायपोलरचे प्रौढ पाच हजारांच्या घरात आणि दोन्ही आजार असलेले आठशेच्या आसपास. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण त्याच सर्वेक्षणात बायपोलरच्या ७० टक्के लोकांवर उपचारच चालू नव्हते. म्हणजे या आठशेंतल्या बहुतेकांना ते ज्या गोळीपासून 'वाचवले' जात आहेत तिचं नावही माहीत नाही, आणि ज्या लिथियमनं ते खरोखर वाचले असते तेही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: स्वीडन म्हणजे बुलढाणा नव्हे. बरोबर आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला, सव्वातीनशे किलोमीटरहून दूर. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही आणि जे आहेत ते शहरांत. अशा ठिकाणी उन्मादाची पहिली रात्र कोण ओळखणार? म्हणून आजच्या घडीला, मूळ औषध नियमित नसलेल्या, रक्ततपासणी न होणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या रुग्णाला मिथिलफेनिडेट नाकारणं योग्यच आहे, आणि असे रुग्ण बहुसंख्य आहेत. मी फक्त एवढंच मागतो की नकाराच्या चिठ्ठीवर खरं कारण लिहा. 'औषध विषारी' असं लिहिलं की फाइल बंद होते. 'देखरेख उपलब्ध नाही' असं लिहिलं की ती कुणाच्या तरी टेबलावर उघडी राहते. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा आयसीएमआरची पथकं येऊन रक्त, पाणी, धान्याचे नमुने घेऊन गेली. डोक्यावरच्या केसांसाठी एवढं होऊ शकतं, तर डोक्याच्या आतल्या बिघाडासाठी लिथियमच्या पातळीची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी मागणं ही चैन ठरू नये.

देखरेख इथे जमणारच नाही, हा आक्षेप तर मला सगळ्यात कमी पटतो. क्षयरोगाच्या गोळ्या रुग्णानं डोळ्यांसमोर गिळाव्यात अशी डॉट्सची पद्धत याच गावांनी वर्षानुवर्षं चालवली. आशा कार्यकर्ती घरोघर जाते. २०१५ पासून आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला 'सेवासंकल्प' ही संस्था रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना सांभाळते. ज्याचं घरच उरलेलं नाही त्याची राखण होऊ शकते, तर घर असलेल्याची का होऊ नये? काही जण म्हणतील की गोळीची सवय लागेल, ती विकली जाईल. लागू शकते, विकलीही जाऊ शकते. म्हणूनच ती महिन्याची न देता आठवड्याची द्यावी आणि घरातल्या एकाच्या ताब्यात ठेवावी. तसंही दोन प्रतींतली चिठ्ठी त्यासाठीच आहे.

स्वीडनच्या तक्त्यातला धोका पहिल्या तीन महिन्यांतच दिसू लागला होता. त्या तीन महिन्यांना लागतं तरी काय? मूळ औषध आधीपासून मुरलेलं असणं, गोळीची सुरुवात सर्वांत लहान मात्रेनं आणि फक्त सकाळी, नाडी आणि रक्तदाबाची नोंद, आणि रात्रीच्या लाइनची पाळी भावानं घेणं. झोपेच्या नोंदीला यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब लिहिलेला असतो, सिलिंडर कधी लागला ते लिहिलेलं असतं. त्याच चौकोनात रात्री किती तास झोप झाली ते आईनं किंवा बायकोनं लिहावं. लागोपाठ दोन चौकोनांत चारचा आकडा आला तर सकाळची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, हे पहिल्या दिवशीच डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांनी ठरवून ठेवावं. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाला आपल्या उपचारांबद्दल आगाऊ लेखी सूचना देण्याचा हक्क दिलेला आहे. हे ठरलेलं त्यातच लिहून, सही करून, त्याची एक प्रत घरात फाइलला लावता येते.